चेंडू हातात नसलेले चौघे काय करतात?

प्रश्न थोडक्यात असा: सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचा बास्केटबॉल संघ, बारा खेळाडू, स्पर्धेला सहा आठवडे, आठवड्यातून दीड-दीड तासाची चार सत्रं. ऑफेन्सला, म्हणजे चेंडू आपल्याकडे असताना, एक जण ड्रिबल करत (चेंडू आपटत) बसतो आणि बाकीचे बघत उभे. समोरच्यांनी प्रेस लावला, म्हणजे कोर्टभर अंगावर येऊन दबाव टाकला, की चेंडू गेलाच. चौथ्या क्वार्टरला पाय उचलत नाहीत. मग कोणते प्ले (ठरवलेल्या चाली) शिकवायचे आणि रोज किती पळवायचं?

प्ले कमी शिकवा आणि नुसतं पळवणंही कमी करा. आधी एक हिशेब बघा. दहा मिनिटांचे चार क्वार्टर म्हणजे चाळीस मिनिटं. त्यातली साधारण निम्मी चेंडू आपल्याकडे असतो, म्हणजे वीस. ती पाच जणांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला येतात चार. उरलेली छत्तीस मिनिटं खेळाडूच्या हातात चेंडू नसतो, आणि बहुतेक सराव मात्र त्या चार मिनिटांचाच होतो. तुमच्या तिन्ही तक्रारी याच छत्तीस मिनिटांतल्या आहेत.

ऑफेन्सची सुरुवात जागेपासून करा. पाच जागा ठरवा: टॉप (रिंगसमोर मध्यभागी), त्याच्या दोन्ही बाजूंना दोन विंग, बेसलाइनजवळ दोन कॉर्नर, सगळ्या तीन गुणांच्या रेषेबाहेर. शेजारच्या दोघांत साडेचार ते पाच मीटर अंतर हवं. ते तीन मीटरवर आलं की एकच डिफेंडर दोघांना सांभाळतो, आणि आपण पाच असूनही चारच्या ताकदीने खेळतो. पहिले दोन आठवडे या पाच जागांवर जमिनीला टेप चिकटवा. "पसरा, पसरा" असं ओरडून मुलं पसरत नाहीत, टेप दिसली की पसरतात. कॉर्नरची जागा वेगळी घोटवावी लागते, कारण तिथे साइडलाइन आणि तीन गुणांची रेषा यांच्यात जेमतेम 90 सेंटिमीटर मिळतात. पास घेताना मूल अर्धं पाऊल मागे सरकलं तर टाच रेषेवर जाते आणि चेंडू समोरच्यांना मिळतो. म्हणून कॉर्नरवाल्याने पाय आधी लावून ठेवायचे आणि चेंडू येताना मागे सरकायचं नाही.

त्यावर फक्त तीन नियम. पास दिला की रिंगकडे कट करायचा, म्हणजे झटकन धावायचं, आणि पुढे निघून रिकाम्या कॉर्नरला जायचं. बाकीच्यांनी एकेक जागा भरत यायचं. दुसरा: तुमचा डिफेंडर पासच्या वाटेत हात घालून उभा असेल तर चेंडूकडे धावू नका, त्याच्या पाठीमागून बॅकडोअर कट मारा. तिसरा: कुणी रिंगकडे ड्राइव्ह केला (ड्रिबल करत घुसला) तर तो ज्या दिशेला जातो त्याच दिशेला बाकीच्यांनी एक जागा सरकायचं. टॉपवरचा उजवीकडून घुसला की उजवा विंग कॉर्नरकडे सरकतो, डावा विंग टॉपला येऊन मागचा सुरक्षित पास बनतो. बेसलाइनकडून ड्राइव्ह झाला तर समोरचा कॉर्नर भरलेलाच हवा, कारण रिंगखाली अडकलेल्याला तो एकच सरळ पास दिसतो.

हे कुठे बिघडतं? सर्वांत जास्त कटनंतर. मूल कट मारतं, पास मिळत नाही, आणि ते कीमध्येच (रिंगसमोरच्या आखलेल्या चौकोनातच) थांबून "आता काय?" असं बघत राहतं. ऑफेन्सच्या खेळाडूने कीमध्ये तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही हा नियम तर आहेच, पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे त्याचा डिफेंडरही तिथेच थांबतो आणि पुढच्या ड्राइव्हची वाट बुजते. कटचा शेवट रिंगखाली नाही, कॉर्नरला होतो, हे रोज सांगावं लागतं. दुसरी चूक पास घेणाऱ्याची: विंगवर उभ्याउभ्या हात पसरून चेंडू मागायचा. दोन पावलं रिंगकडे जाऊन झटकन बाहेर यायचं, एक-दोन अशी पावलं टाकत थांबायचं आणि चेंडू हातात येताच तोंड रिंगकडे करायचं. पाठ रिंगकडे करून चेंडू घेतला की पुढचा सेकंद-दीड सेकंद वाया जातो, आणि तेवढ्यात डिफेन्स जागेवर आलेला असतो.

सरावात रोज पाच मिनिटं पाचावर पाच, ड्रिबल बंद. मग पाच मिनिटं प्रत्येकाला जास्तीत जास्त दोन ड्रिबल. ड्रिबल बंद झाला की हालचाल आपोआप येते, कारण दुसरा उपायच उरत नाही. "पाच पास झाल्याशिवाय शॉट नाही" हा नियम मात्र लावू नका. तो लोकप्रिय आहे, पण मुलं मोकळा ले-अप (रिंगजवळ जाऊन टाकलेला सोपा शॉट) सोडून पास मोजायला शिकतात.

स्क्रीन, म्हणजे सोबत्याच्या डिफेंडरची वाट अडवून उभं राहणं, तिसऱ्या आठवड्यात आणा, तेही चेंडूवरचा एकच. स्क्रीन लावणाऱ्याचे पाय खांद्याएवढे रुंद, हात छातीशी, आणि तो पूर्ण थांबलेला. डिफेंडरला न दिसणाऱ्या बाजूने लावत असाल तर त्याला एक साधं पाऊल टाकता येईल इतकी जागा सोडावी लागते. हलत्या स्क्रीनचा फाउल लावणाऱ्याच्या नावावर चढतो, पण दहातल्या आठ वेळा चूक ड्रिबल करणाऱ्याची असते: तो आधीच निघतो आणि बिचारा स्क्रीनवाला त्याच्यामागे सरकतो. ड्रिबलवाल्याने मनात "एक" म्हणून मग निघायचं आणि जाताना खांदा स्क्रीनवाल्याच्या कमरेला घासून जायचं. मधून डिफेंडर निसटेल इतकी फट राहिली तर स्क्रीन लावलाच नाही असं समजा. डिफेंडरकडे बघून पुढचं ठरवणं सोपं आहे. डिफेंडर स्क्रीनच्या वरून पाठलाग करतोय, तर घुसा. खालून गेला, तर शॉट. दोघे चेंडूवर धावले, तर लगेच रिंगकडे वळलेल्या स्क्रीनवाल्याला पास. तीन ड्रिबल मारत मागे जात राहिलात तर तो पास बंद होतो.

शॉट घ्यायला मिळणाऱ्या 24 सेकंदांची वाटणीही शिकवा. चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे गेला की घड्याळात साधारण 18 उरतात. दहापर्यंत वरचे तीन नियम चालू द्या, आणि काहीच हाती लागलं नाही तर दहाला टॉपवर स्क्रीन. सातनंतर नवीन काही सुरू करायचं नाही. आपल्या चुकलेल्या शॉटचा रिबाउंड (परत आलेला चेंडू) आपल्यालाच मिळाला तर घड्याळ 24 वर जात नाही, 14 वर येतं. हे माहीत नसलेली मुलं निवांत चेंडू बाहेर काढून पुन्हा पहिल्यापासून मांडणी करत बसतात.

शॉट कोणता चांगला हे गणिताने पटवा. 40 टक्के बसणारा दोन गुणांचा शॉट प्रत्येक प्रयत्नाला 0.8 गुण देतो. 30 टक्के बसणारा तीन गुणांचा 0.9 देतो. 60 टक्के ले-अप 1.2 देतात. रेषेवर अंगठा ठेवून मारलेला लांबचा दोनचा शॉट यात सगळ्यांत तोट्याचा: अंतर जवळजवळ तिनाचं, गुण दोनच. पण ज्याचा तिनाचा शॉट 20 टक्केच बसतो त्याच्यासाठी तो 0.6 आहे, म्हणजे लांबच्या दोनपेक्षाही वाईट. तेव्हा सरसकट "तिनाचे मारा" असंही नाही. सरावात प्रत्येकाचे प्रत्येक जागेवरचे निदान पन्नास शॉट लिहून ठेवा आणि त्यावरून कोणी कुठून मारायचं ते ठरवा.

आता प्रेस. घाबरण्याचं कारण वेग नाही, दिशा न दिसणं हे आहे. प्रेस लावणारे तुम्हाला दोन प्रकारच्या सापळ्यांत नेऊ पाहतात: आपल्याच बेसलाइनजवळचे कोपरे, आणि अर्धी रेषा ओलांडल्याबरोबर लागणारे साइडलाइनचे कोपरे, जिथून मागे पास देता येत नाही. आठ सेकंदांत अर्धी रेषा ओलांडायची म्हणून मुलं साइडलाइन धरून जोरात ड्रिबल करतात आणि नेमकी तिथेच जाऊन थांबतात. मांडणी अशी ठेवा: चेंडूवाल्याला कायम तीन पास दिसले पाहिजेत, एक पुढे साइडलाइनला, एक मध्ये, एक तिरपा मागे. पाचवा थेट पलीकडच्या रिंगजवळ, म्हणजे त्यांच्या एका डिफेंडरला मागे राहावंच लागतं. मधला खेळाडू उंच आणि चांगला पासर हवा. नेहमीच्या पॉइंट गार्डला (चेंडू पुढे आणणाऱ्याला) तिथे ठेवायलाही हरकत नाही. त्याने चेंडू घेताच तोंड पुढे वळवायचं.

सापळा येताना दिसला तर ड्रिबल उचलायचा नाही. तोंड पुढेच ठेवून दोन ड्रिबल मागे यायचं, त्याने फट मोठी होते, आणि मग पास. पास सरळ आणि जोरात, उंच तरंगता नाही. तरंगत्या पासला मागचा डिफेंडर सहज गाठतो. समोरच्यांनी बास्केट केल्यावर बेसलाइनमागून चेंडू आत टाकणाऱ्याला रेषेमागे धावता येतं, हेही कित्येकांना ठाऊक नसतं. तो पाच सेकंद एकाच जागी उभा राहतो आणि समोरच्याचं काम सोपं करतो. सरावात पाचावर सहा खेळवा, जमू लागलं की पाचावर सात. आणि प्रेस मोडल्यावर थांबू नका. पुढे बहुतेक वेळा तिघांवर दोन अशी स्थिती असते, तिथे ले-अपलाच जायचं. अर्धी रेषा ओलांडून "सुटलो बाबा" म्हणत चेंडू बाहेर काढणाऱ्या संघावर समोरचा प्रशिक्षक चाळीस मिनिटं प्रेस लावेल. त्याचं काहीच बिघडत नाही.

डिफेन्सला आधी मॅन-टू-मॅन, म्हणजे प्रत्येकाने आपला माणूस राखायचा. झोन, म्हणजे आपापली जागा राखणं, नंतर आणि थोडाच. चेंडूवाल्यापासून एक हात अंतर, नाक त्याच्या छातीसमोर. एक पास लांब असलेल्यांनी, म्हणजे चेंडूवाल्याच्या शेजारच्याला राखणाऱ्यांनी, पासच्या वाटेत थेट हात घालायचा की एक पाऊल मागे राहून फट बुजवायची, ते संघाच्या वेगावर ठरवा. पायांनी संथ असलेल्या संघाने फटच बुजवावी, नाहीतर बॅकडोअरने मार खाल. दोन पास लांब असलेल्यांचा एक पाय दोन्ही रिंगांना जोडणाऱ्या मधल्या काल्पनिक रेषेवर हवा, आणि मान न फिरवता चेंडू व आपला माणूस दोन्ही दिसले पाहिजेत. बेसलाइनकडून ड्राइव्ह आला तर पलीकडच्या बाजूचा खालचा डिफेंडर कीच्या बाहेरच त्याला अडवतो. रिंगखाली अडवणं म्हणजे फाउल किंवा बास्केट. त्याने सोडलेल्या माणसावर वरचा खाली येतो. फीबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत डिफेन्सला तीन सेकंदांचं बंधन नाही, म्हणून मदतनीस कीमध्ये पाय ठेवून उभा राहू शकतो. दूरदर्शनवर एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग, तिथे हे बंधन आहे) बघणारी मुलं उगाच बाहेर पळतात.

यासाठी शेल ड्रिल, म्हणजे डिफेन्सच्या जागा घोटवणारा सराव, चारावर चार. पहिली पायरी: ऑफेन्सने फक्त पास द्यायचे आणि प्रत्येक पासनंतर तीन सेकंद चेंडू धरायचा, तेवढ्यात तुम्ही चौघांच्या जागा तपासता. दुसरी: एका विंगवरून थेट दुसऱ्या विंगला लांब पास. तिसरी: ड्राइव्ह आणि मदत. चौथी: मोकळा खेळ, आणि रिबाउंड हातात आल्याशिवाय डिफेन्स सुटत नाही. इथे बघायची गोष्ट एकच: पाय कधी हलले? चेंडू हवेत असताना हलले पाहिजेत. लांब पास जवळजवळ एक सेकंद हवेत असतो. समोरच्याने चेंडू पकडल्यावर निघालेला डिफेंडर तो सगळा सेकंद हरतो आणि मग उडी मारून भरपाई करू बघतो. क्लोजआउट करताना, म्हणजे चेंडू मिळालेल्या आपल्या माणसावर धावून जाताना, सुरुवातीचं अंतर पूर्ण वेगाने, शेवटचे दोन मीटर छोटी-छोटी पावलं, कंबर खाली, एक हात वर. हवेत उडालेला डिफेंडर एका हुलकावणीने संपतो. समोरचा शूटर नसेल तर दीड हातावर थांबा, त्याला खुशाल मारू द्या.

शॉट सुटला की आधी अंगाला अंग, मग चेंडू. कॉर्नरमधून चुकलेला शॉट बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला पडतो, म्हणून तिकडच्याने बॉक्स आउट (समोरच्याला अंगाने अडवून रिंगपासून दूर ठेवणं) सोडला तर बाकी चौघांची मेहनत पाण्यात. डिफेन्सला परत येताना क्रम असा: रिंग, चेंडू, मग माणूस. आपला शॉट सुटताच टॉपच्या आसपासचे दोघे मागे फिरतात. पहिला रिंगखाली, दुसरा चेंडूवाल्याला थोपवतो, उरलेले जवळचा मोकळा खेळाडू घेतात. प्रत्येकाने "माझा कोण?" शोधत बसायचं ठरवलं की रिंग रिकामी पडते आणि फास्ट ब्रेकचे गुण जातात.

झोन शिकवायचाच तर 2-3 (पुढे दोन, मागे तीन), पाचव्या आठवड्यात, दोन सत्रांत थोडा थोडा. कॉर्नरला मागचा बाजूचा जातो, मधला चेंडूच्या बाजूच्या पोस्टसमोर (कीच्या कडेला रिंगजवळ उभ्या खेळाडूसमोर) येतो, पलीकडचा रिंग राखतो. तुमच्याविरुद्ध झोन लागला तर एकाला फ्री थ्रो रेषेच्या मध्यावर उभं करा, बाकीच्यांनी दोन डिफेंडरांच्या मधल्या फटींत उभं राहायचं, आणि चेंडू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेल्याशिवाय घाईचा शॉट नको.

पाय न उचलण्याचं पहिलं कारण पुष्कळदा दमसास नसतंच. सामन्यात वाटायला 200 खेळाडू-मिनिटं असतात, पाच गुणिले चाळीस. तेच पाच जण 36 मिनिटं खेळत असतील तर चौथ्या क्वार्टरला ते दमणारच. आठ-नऊ जणांत वाटा, मुख्य खेळाडूंना 26 ते 30 मिनिटं, आणि पहिला बदल पाचव्या मिनिटाला करा, धाप लागल्यावर नाही. क्वार्टरमधल्या पाचव्या सांघिक फाउलपासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात, आणि दमलेले पायच हाताने फाउल करतात. त्यामुळे बदलाचा फायदा तिथेही दिसतो.

बास्केटबॉलमधलं पळणं तुटक असतं: चार-पाच सेकंद जोर, थांबा, वळा, उडी, पुन्हा जोर. अर्धा तास संथ धावून याची तयारी नीट होत नाही. बारा जणांचे तीन-तीनचे चार संघ करा. पूर्ण कोर्टावर तिघांवर तीन, साठ सेकंद खेळ, साठ सेकंद विश्रांती, प्रत्येकाच्या सहा फेऱ्या. बारा मिनिटांत काम होतं आणि डिफेन्सला परत येण्याचा सरावही होतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आठ फेऱ्या, पाचव्यात 45 सेकंदांचा खेळ आणि तेवढीच विश्रांती, पण वेग पूर्ण. एका साइडलाइनपासून दुसरीपर्यंत सतरा वेळा पळण्याची चाचणी, म्हणजे 255 मीटर, आठवड्यातून एकदा ठेवा आणि वेळ लिहा. ती शिक्षा म्हणून वापरू नका. पळणं शिक्षा झालं की मुलं अंग चोरायला शिकतात. धाप लागलेली असतानाच प्रत्येकाकडून दोन फ्री थ्रो मारून घ्या. ताज्या पायांनी मारलेल्या शंभर फ्री थ्रोंवरून चौथ्या क्वार्टरचं काही कळत नाही.

आठवड्यातून दोन दिवस वीस मिनिटं ताकदीला: गॉब्लेट स्क्वॉट (वजन छातीशी धरून बैठका), एका पायावरचा डेडलिफ्ट, पुश-अप, रोइंग, पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं, प्रत्येकी दोन-तीन सेट. नॉर्डिक हॅमस्ट्रिंग (गुडघ्यांवर बसून, घोटे धरलेले असताना हळूहळू पुढे झुकणं) दोन सेट, तीन ते पाच वेळा, याहून जास्त नको; पहिल्याच दिवशी दहा करवलेत तर पुढचे तीन दिवस मुलं लंगडतील. वॉर्म-अपमध्ये रोज उडीनंतर उतरण्याचा सराव: दोन पायांवर, आवाज न करता, गुडघे आत न झुकवता, पाच-पाच उड्यांचे तीन सेट. मुलींच्या संघात हा भाग कधीही गाळू नका, कारण उतरताना गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचा धोका त्यांना जास्त असतो. या खेळातली सर्वांत नेहमीची दुखापत घोट्याची, म्हणून एका पायावर तीस सेकंद, जमलं की डोळे मिटून. घोटा मुरगळल्यावर मूल चार पावलंही टाकू शकत नसेल तर बर्फ लावून वाट बघू नका, एक्स-रे काढायला न्या. गुडघ्याच्या वाटीखाली दुखत असेल तर उड्यांची संख्या निम्मी करा. तरी दोन आठवड्यांत उतार नसेल तर डॉक्टर. सत्राआधी आणि नंतर वजन करा: 60 किलोच्या मुलाचं 1.2 किलोपेक्षा जास्त उतरलं तर तो पाणी कमी पितोय, आणि तेही दमण्याचं कारण आहे.

नव्वद मिनिटं अशी मोडा: वॉर्म-अप आणि उतरणं 12, जोडीने धावत येऊन शूटिंग 15, शेल 18, ऑफेन्सचे नियम 18, तिघांवर तीन 12, प्रेस आणि फ्री थ्रो 15. ताकदीच्या दिवशी शूटिंग आणि शेल आखडते घ्या. पाचव्या आठवड्यापासून शेवटची दहा मिनिटं प्रसंगांना द्या: तीन गुणांनी मागे आणि बारा सेकंद, एकाने पुढे आणि चेंडू आपल्या साइडलाइनवर. बेसलाइनवरून एक आणि साइडलाइनवरून एक, असे दोनच इनबाउंड प्ले (चेंडू बाहेरून आत टाकण्याच्या चाली) पुरतात. टाइमआउटचा हिशेब मुलांनाही द्या: पूर्वार्धात दोन, उत्तरार्धात तीन, पण शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोनच घेता येतात, म्हणून तिसरा साठवून ठेवण्यात अर्थ नाही. सहाव्या आठवड्यात सरावाचा वेळ साठ मिनिटांवर आणा, वेग तोच ठेवा, आणि नवीन काहीही शिकवू नका.